हिंगाची चिमूट

मैत्रिणींनो, मला सीलिअ‍ॅक आहे. गहू किंवा जव पोटात गेले की माझीच प्रतिकारशक्ती माझ्या लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. निदान व्हायला 8 वर्षं गेली. अंगात रक्त नाही, दोनदा गर्भ राहून पडला, आणि घरात एकच शब्द: नखरे.

पोळी सोडली तरी मी आजारी पडायची. गिरणीत गव्हामागोमाग माझी ज्वारी दळली जायची ना! आता दळण घरीच. पण मागे नणंदेकडे आमटी खाल्ली. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो, हे तिला कुठून ठाऊक?

अशा वेळी घरगुती उपाय काय, असं तुम्ही विचारता. झालेली इजा भरून काढणारा काढा नाही. ओवा-जिऱ्याने फार तर पोटाला जरा बरं वाटतं. जुलाब होतात तेव्हा मी 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट छोटे चमचे साखर नि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पिते. तांदळाची पेज, मऊ भात. दूध काही दिवस बंद, तेव्हा ते पचत नाही. उलट्या थांबेनात, रक्त पडलं, चक्कर आली तर सरळ दवाखाना.

आणि पडून राहणं. बाईला हाच उपाय सर्वांत महाग! त्या दिवशी पेज नवऱ्याने केली. करपली. तरी मी उठले नाही. सासूबाई दोनदा दारात येऊन गेल्या. संध्याकाळी त्यांचा फोनवरचा आवाज ऐकला, लेकीला सांगत होत्या, "हिंगाची डबी घे गं हातात, वाच त्यावर काय काय लिहिलंय."