बासरी कपाटात का जाते?

(नळदुर्ग येथे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा शब्दांकित भाग)



वेळेच्या वाटपाचा धडा नळदुर्गकरांना बाहेरून कोणी येऊन देण्याची आवश्यकता नाही. येथील खंडोबा दोन गावांचा आहे. वर्षातील सुमारे दहा महिने तो अणदूरला असतो आणि उरलेला काळ येथे, मैलारपूरच्या मंदिरात. पौष पौर्णिमेची यात्रा नळदुर्गची. देव हलतो तेव्हा दोन्ही गावांच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. कोठे किती दिवस, हे ठरलेले असते; आणि देव जेथे असतो तेथे पूर्ण असतो. अर्धा देव अणदूरला आणि अर्धा नळदुर्गला, असे कधी झालेले नाही.

आता दहावीच्या उंबरठ्यावरचा एखादा उत्साही मुलगा डोळ्यांसमोर आणावा. पहाटे शिकवणी, शाळेत विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प, वर्गप्रतिनिधीचे काम, सायंकाळी शाखेवर गटनायक, रात्री थोडी बासरी. मग एके दिवशी घरात निर्णय होतो, "दहावी होईपर्यंत सगळे बंद." पहिल्यांदा बासरी कपाटात जाते. पाठोपाठ शाखा सुटते. प्रकल्प तेवढा राहतो, कारण त्याला गुण असतात. पण तो बाजारातून तयार आणला जातो. आणि मोकळा झालेला वेळ अभ्यासाला मिळतो, असेही घडत नाही. तो दूरचित्रवाणी आणि मोबाईल खाऊन टाकतात, हे येथे बसलेल्या प्रत्येक मातेला ठाऊक आहे.

ज्यांची प्रतिमा आपल्यापैकी अनेकांच्या घरी भिंतीवर आहे, त्या श्रीगुरुजींचे विद्यार्थिजीवन या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. माधव सदाशिव गोळवलकर हा शिक्षकाचा मुलगा. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातून इंटर सायन्स होऊन १९२४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो काशी हिंदू विश्वविद्यालयात दाखल झाला. १९२६ मध्ये बी.एस्सी. आणि १९२८ मध्ये प्राणिशास्त्रात एम.एस्सी. याच तरुणाने हॉकी खेळली, ग्रंथालयातील पुस्तकांचा फडशा पाडला, बासरी आणि सतारही आत्मसात केली. पुढे तेथेच अध्यापक झाल्यावर विद्यार्थ्यांच्या अडचणी सोडविण्यासाठी त्यांनी स्वतःच्या विषयाबाहेरचे विषयही अभ्यासून शिकविले. 'गुरुजी' हे नाव विद्यार्थ्यांनीच दिलेले. आपण प्रतिमेला हार घालतो, पण त्या बासरीचा उल्लेख घरी क्वचितच होतो.

अर्थात सारे काही हाती राहिले, असेही नाही. एम.एस्सी. नंतर मद्रासच्या मत्स्यालयात त्यांनी संशोधन आरंभले होते. वडील सेवानिवृत्त झाले, पैशाची ओढाताण झाली आणि ते काम अपुरे सोडावे लागले. सोडावे लागणे आणि कंटाळून सोडणे यांत अंतर आहे. मुलांना हे अंतर कळते. पालकांनी त्याची घाई करू नये, इतकेच.

प्रकल्पाविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे. पुठ्ठ्याचा ज्वालामुखी दरवर्षी प्रदर्शनात फेसाळतो, आणि नळदुर्गच्या मुलांच्या दारात बोरी नदी वाहते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, येथे नदीवर धरण बांधून त्याच्या भिंतीतच पाणी महाल उभारला गेला. पूर आला की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते, आणि आत महालात उभा असलेला माणूस कोरडा राहतो. का? पाण्याचा भार भिंतीने कसा पेलला? चुन्याचा सांधा इतकी शतके कसा टिकला? किती पावसानंतर नर-मादी वाहू लागतात? हे प्रश्न कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत. १९९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेची मुलांकडून अपेक्षा हीच होती, की गटाने काम करावे आणि प्रश्न आपल्या परिसरातला घ्यावा.

गट म्हटला की नेतृत्व आलेच. पावसाची नोंद रोज घ्यायची, तर एकट्याने होणार नाही. कोणी यात्रेत स्वयंसेवक असेल, कोणाच्या घरी सोयाबीनची काढणी असेल. त्या दिवशीची नोंद कोण घेणार, हे आधी ठरविणारा तो गटप्रमुख. सगळी कामे स्वतःच्या डोक्यावर घेणारा मुलगा कर्तबगार दिसतो खरा. परंतु तो आजारी पडला की वही कोरी राहते. दहावीच्या मुलाने नववीच्या मुलाला काम शिकवून सोपवावे. शाखेत हे सहज घडते, शाळेत का घडू नये?

याच जिल्ह्यात लोहारा तालुक्यात हराळी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचे कार्यकर्ते मदतीला आले, आणि पुढे तेथे निवासी शाळा उभी राहिली. पुस्तकाबरोबर शेतीलाही तेथील शिक्षणात स्थान आहे. ज्या भागाची घरे एका पहाटे जमीनदोस्त झाली, त्या भागात मुलांना हात आणि डोके दोन्ही वापरायला शिकविणे कोणाला चैनीचे वाटले नाही. पालकांनी एक रविवार काढून मुलांसह तेथे जाऊन यावे.

तोवर घरी एक करार करावा, मानकऱ्यांसारखा, कागदावर. शिकवणी किती, मैदान किती, बासरी किती. अर्धा तास असला तरी चालेल, पण त्या अर्ध्या तासात आईने गणिताची आठवण काढू नये. सही मुलाचीही हवी आणि वडिलांचीही. आणि बोरीला पूर येईल तेव्हा वहीतील पहिली नोंद कोणाच्या अक्षरातली असेल, ते गटाने आजच ठरवून घ्यावे.