हाताला न लागणारा आजार

आम्ही कवींनी काळजावर वह्या भरल्या, गझलवाल्यांनी जिगर सोडले नाही. पण मूत्राशयाचे नाव घेताना घरातसुद्धा आवाज खाली येतो. श्रोतेहो, आज त्याच्याविषयीच बोलायचे आहे.

माझे मामू मालेगावात सूत रंगवायचे. विडीचे शौकीन. एकदा त्यांना लघवी लाल झाली. दुखले नाही, जळजळले नाही, दुसऱ्या दिवशी साफ. 'उष्णता' म्हणून ते सब्जा पिऊ लागले. महिन्याने पुन्हा तेच झाले, तेव्हा मामींनी मला निरोप धाडला.

डॉक्टरांनी ओटीपोट दाबले, यकृत चाचपले, गळ्याखालच्या हाडामागे गाठ शोधली, पायांवर सूज पाहिली. गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेटही तपासली. त्यावरून मामू आठ दिवस रुसले होते. सापडले काहीच नाही. मामू खुशीत चपला शोधू लागले, तर डॉक्टर म्हणाले, "चाचा, बसा. हाताला लागत नाही, म्हणून तर दुर्बिणीने आत पाहायचे."

दुर्बिणीत लहानशी गाठ दिसली. कॅन्सरच, पण आतल्या अस्तरापुरता. दुर्बिणीतूनच काढला. हा पुन्हा उगवतो, म्हणून ठरावीक महिन्यांनी पुन्हा तपासणी.

या कॅन्सरची सुरुवात अस्तरात होते. तेव्हा डॉक्टरचा हात कितीही तयार असला तरी बहुधा पोट 'नॉर्मल'च लागते. गाठ हाताला लागली, तर रोग भिंतीच्या स्नायूत उतरला असण्याची शक्यता मोठी. पायांची सूज, वाढलेले यकृत ही त्याहून पुढची लक्षणे. म्हणजे 'तपासले, काही नाही' यावर थांबायचे नसते. लघवीतले रक्त हीच खूण, आणि ते आपोआप थांबते हीच त्यातली फसवणूक. रक्त मुतखड्यानेही येते, जंतुसंसर्गानेही. पण ते तपासाअंती ठरावे.

तंबाखूचा धूर हे याचे सर्वांत मोठे कारण. रंगांचा संबंधही जुना आहे. 1895 मध्ये लुडविग रेन या जर्मन सर्जनने रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत हा रोग नोंदवला होता. मामूंना कशाने झाला, कोण सांगणार? दोन्ही होते.

बायकांचे मला अधिक वाटते. आधी पाळीचे रक्त समजतात, मग इन्फेक्शन म्हणून गोळ्यांवर गोळ्या. गोळ्या संपल्यावर लघवी पुन्हा तपासून घ्यावी, आणि रक्त असेल तर 'दुर्बीण करायची का?' हे आपणच विचारावे.