गॅस कंपनीचे भाग घ्यावेत काय?



आज आपल्यापुढे एक जुना, पण व्यवहारी माणसाला अद्याप परिचित वाटेल असा प्रश्न ठेवावयाचा आहे. एखादे नवे शहर झपाट्याने वाढत आहे. तेथे गॅसचे दिवे लावण्यासाठी एक कंपनी निघाली आहे आणि तिचे माहितीपत्रक आपल्या हाती पडले आहे. आपण काही मोठे सावकार नव्हे. पोटाला चिमटा घेऊन साठविलेली थोडीशी पुंजी आपल्यापाशी आहे. ती या कंपनीत गुंतवावी काय?

केवळ कल्पनेने या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. म्हणून आपण इ. स. १८३७ मधील सिडनी शहरात जाऊ. इंग्रजांनी १७८८ मध्ये कैद्यांची वसाहत म्हणून वसविलेल्या या गावाला तेव्हा जेमतेम पन्नास वर्षे होत होती. लोकरीच्या व्यापाराने गाव वाढत होते. १८४१ च्या शिरगणतीत तेथील वस्ती सुमारे तीस हजार भरली. पण गावाला नगरपालिका नव्हती. ती १८४२ मध्ये आली. रस्त्यावर जे काही थोडे दिवे होते, ते देवमाशाच्या तेलावर जळत. घरोघरी चरबीच्या मेणबत्त्या. अशा गावात ‘ऑस्ट्रेलियन गॅस लाइट कंपनी’ स्थापन झाली आणि तिच्यासाठी वसाहतीच्या विधिमंडळाने १८३७ मध्ये खास कायदा केला.

कायद्याची गरज दोन कारणांनी होती. गॅसचे नळ रस्ता खणून घालावे लागतात आणि रस्ता कोणा एकाच्या मालकीचा नसतो. दुसरे कारण अधिक नाजूक आहे. भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागापुरतीच मर्यादित राहील, असा सर्वसाधारण कायदा खुद्द इंग्लंडात १८५५ पर्यंत नव्हता. त्यापूर्वी भागीदारीतील धंदा बुडाला, तर सावकार भागीदाराच्या घरादारापर्यंत पोहोचू शके. सिडनीच्या कायद्याने या कंपनीला आपल्या सेक्रेटरीच्या नावाने फिर्याद करण्याची सोय दिली आणि कंपनीवर फिर्याद करावयाची, तर तीही त्याच्याच नावाने करावयाची असे ठरविले. हे पहिले सेक्रेटरी म्हणजे रेव्हरंड राल्फ मॅन्सफील्ड. मेथडिस्ट पंथाचे मिशनरी म्हणून आलेले हे गृहस्थ पुढे वृत्तपत्राचे संपादक झाले. ईश्वराचा शब्द, छापील शब्द आणि कंपनीचे दावे, असा तिहेरी भार वाहणारा माणूस विरळाच! तेव्हा १८३७ मधील शहाण्या माणसाने लाभांश किती मिळेल हे विचारण्याआधी, आपले घर कितपत गुंतते आहे हे विचारावयास हवे होते.

आता धंद्याचे अंतरंग पाहू. दगडी कोळसा बंद भट्टीत, हवा लागू न देता, तापविला म्हणजे त्यातून जळाऊ वायू निघतो. या भट्टीला रिटॉर्ट म्हणतात. वायू थंड केला की त्यातील डांबर खाली बसते. मग तो पाण्यातून व चुन्यातून नेऊन शुद्ध करतात आणि पाण्यात पालथ्या घातलेल्या प्रचंड घंगाळासारख्या टाकीत साठवितात. त्या लोखंडी घंगाळाच्या वजनानेच वायू नळांतून गावभर ढकलला जातो. चांगल्या कोळशाच्या एका टनातून नऊ-दहा हजार घनफूट गॅस मिळतो. शिवाय कोळशाच्या सुमारे दोनतृतीयांश वजनाचा कोक उरतो आणि तो विकता येतो. डांबराला व अमोनियाच्या पाण्यालाही गिऱ्हाईक असते. माहितीपत्रके लिहिणारांना हा भाग फार प्रिय असे. काहीच वाया न जाणारा धंदा कोणाला आवडणार नाही?

तथापि धंद्याचे खरे मर्म भट्टीत नसून रस्त्याखाली आहे. वाण्याचे दुकान एका पेठेत चालले नाही, तर तो माल गाडीत घालून दुसऱ्या पेठेत जातो. गॅस कंपनीला ती वाट नाही. तिने एकदा नळ पुरले की तिचे नशीब त्या गावाशी बांधले गेले. गाव वाढले, तर त्याच नळावर दुप्पट गिऱ्हाइके बसतात आणि वाढीव खर्च त्या मानाने थोडाच येतो; गाव खुंटले, तर मातीतले लोखंड उकरून विकण्यास कोणी जात नाही. याच कारणाने दुसरी कंपनी त्याच रस्त्यात दुसरे नळ घालण्यास सहसा धजत नाही. म्हणजे भागधारक गॅस विकत घेत नाही, तो त्या गावाच्या पुढील तीस-चाळीस वर्षांच्या वाढीवर पैसा लावतो. माहितीपत्रकातील आकड्यांपेक्षा गावाचा नकाशा अधिक वेळ न्याहाळावा, असे माझे मत आहे.

सिडनीच्या नकाशात एक गोष्ट कंपनीला अनुकूल होती. उत्तरेस हंटर नदीच्या मुखाशी असलेल्या न्यूकॅसल येथे कोळशाच्या खाणी होत्या आणि तेथून गलबतांनी कोळसा आणणे सोपे होते. प्रतिकूल गोष्ट अशी, की १८४० च्या दशकापर्यंत या कोळशावर जवळजवळ एकाच कंपनीची सत्ता होती. तिचे नाव ‘ऑस्ट्रेलियन ॲग्रिकल्चरल कंपनी’. नाव शेतीचे, पण धंदा कोळशाचाही. कच्चा माल विकणारा एकच असला, म्हणजे भाव तो सांगेल तो. लोखंडी सामान इंग्लंडातून यावयाचे, म्हणजे चार-चार महिन्यांचा समुद्रप्रवास. पैसे आज द्यावयाचे आणि दिवा मात्र केव्हातरी पाहावयाचा!

तो दिवा लागला २४ मे १८४१ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी. (सिंगापूरच्या रस्त्यांवरही पुढे १८६४ मध्ये याच तारखेला गॅस पेटला. राणीचा वाढदिवस गॅस कंपन्यांना मानवत असावा.) कायदा होऊन जवळजवळ चार वर्षे लोटली होती. एवढ्या काळात ज्याने कर्ज काढून भाग घेतले असतील, त्याचे व्याज मात्र दिव्याची वाट पाहत थांबले नसेल.

आणि दिवा लागतो न लागतो तोच वसाहतीवर मंदी कोसळली. लोकरीचे भाव उतरले, जमिनीचा सट्टा फुटला, १८४३ मध्ये ‘बँक ऑफ ऑस्ट्रेलिया’ बुडाली. मेंढ्यांना कोणी विचारीना; तेव्हा १८४३ पासून त्या मोठमोठ्या कढयांत उकळून त्यांची चरबी काढण्यात येऊ लागली. चरबी म्हणजे मेणबत्ती, आणि मेणबत्ती म्हणजे गॅसची सवत. अशा वेळी आपला भाग विकावयास निघालेल्या माणसाला कोण काय देणार? त्याला खरी गरज होती ती थांबण्याच्या ऐपतीची. कारण मंदी ओसरली, १८५१ मध्ये सोने सापडले आणि माणसांचे लोंढे वसाहतीकडे लोटले. नळ मात्र आधीच जमिनीत होते. सिडनीला भागबाजार १८७१ मध्ये स्थापन झाला, तेव्हा त्याच्या यादीवर आलेली दुसरी कंपनी हीच होती.

आता अशाच धंद्याचे दुसरे रूप पाहण्यासाठी आपल्या मुंबईकडे वळू. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती आठ लाख सोळा हजारांवर होती. सिडनीच्या मानाने तो सागरच. ‘बॉम्बे गॅस कंपनी’ १८६२ मध्ये निघाली, पण तिची स्थापना झाली इंग्लंडात. त्याच वर्षांत मुंबईत काय चालले होते? अमेरिकेतील यादवीमुळे तिकडचा कापूस बंद झाला आणि येथील कापसाला सोन्याचे मोल आले. त्या पैशातून कंपन्यांचे पीक आले. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या ‘बॅक बे’ कंपनीच्या भागांसाठी लोक वेडे झाले. प्रेमचंद रायचंदांच्या दारी माणसांची रीघ लागे. एप्रिल १८६५ मध्ये यादवी संपत आली, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरताच सारा डोलारा खाली आला. ‘बँक ऑफ बॉम्बे’चा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला भाग ८७ रुपयांना जाऊ लागला. पुढे ती बँकही मोडली.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, ७ ऑक्टोबर १८६५ रोजी, मुंबईच्या काही रस्त्यांवर प्रथमच गॅसचे दिवे लागले. दिवेवाले एका खांबावरून दुसऱ्या खांबाकडे जात, तसा आश्चर्यचकित लोकांचा जमाव त्यांच्यामागून फिरत असे. त्या जमावात कालपरवा धुळीला मिळालेले कितीजण असतील, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. ज्या काळात शहर समुद्रातील जमिनीचे कागद विकत घेत होते, त्याच काळात त्याच्या पायाखाली नळ पुरले जात होते. कागद गेले, नळ राहिले. पण त्या नळांची कंपनी विलायतेत स्थापन झालेली. कलकत्त्याचीही हीच कथा: ‘ओरिएंटल गॅस कंपनी’ १८५३ मध्ये लंडनला निघाली आणि १८५७ मध्ये कलकत्त्याचे रस्ते उजळले. मुंबई-कलकत्त्यात दिव्याचा पैसा येथील करदात्याने भरावयाचा आणि कंपनीचा निर्णय समुद्रापार व्हावयाचा. सिडनीची कंपनी मात्र सिडनीतच जन्मली. तेथील भागधारकाला सायंकाळी दारात उभे राहून आपले भांडवल जळताना पाहता येई. हिशेबाच्या वहीत न दिसणारा हा फरक मला मोठा वाटतो. जो भागधारक गिऱ्हाईकही असतो, तो दर वाढविताना एकदा तरी आपल्या खिशाकडे पाहतो.

शेवटी विजेबद्दल. ऑक्टोबर १८७८ मध्ये एडिसनने विजेच्या दिव्याची घोषणा करताच लंडनच्या बाजारात गॅस कंपन्यांचे भाग धडाधड कोसळले. घाबरून विकणारांची भीती सर्वस्वी खोटी नव्हती, पण घाईची होती. १८८५ मध्ये ऑस्ट्रियाच्या वेल्सबाखने आपली जाळी काढली आणि गॅसची ज्योत पूर्वीपेक्षा कितीतरी प्रखर झाली. आपल्याकडे वरातीत डोक्यावर घेत त्या ‘गॅसबत्ती’त रॉकेल जळे; परंतु तिची जाळी त्याच कल्पनेची. सिडनीच्या कंपनीने १८८६ मध्ये पॅरामट्टा नदीकाठी मॉर्टलेक येथे मोठा नवा कारखाना उघडला. १९०४ मध्ये तेथील नगरपालिकेने रस्त्यांवर विजेचे दिवे लावले, तेव्हा गॅस दिव्यांच्या खांबांवरून उतरून चुलीकडे आणि बंबाकडे वळू लागला होता. १९१२ मध्ये गॅससाठी निराळा कायदा होऊन कंपनीच्या दरांवर व लाभांशावर सरकारची नजर आली. आणि १९७६ च्या अखेरीस एक हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या मूम्बा येथील भूगर्भातला नैसर्गिक वायू नळाने सिडनीला पोहोचला. तो घरोघरी नेण्याचे काम त्याच कंपनीकडे होते.