भावी डॉक्टरांचा प्रतिनिधी कोणी निवडायचा?

(उमापूर, ता. गेवराई, जि. बीड येथे ग्रामस्थ, पालक व विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



निवडणूक म्हणजे काय, हे उमापूरच्या माणसाला बाहेरून येऊन कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही. ग्रामपंचायत, सोसायटी, बाजार समिती, साखर कारखाना, विधानसभा, लोकसभा. इथल्या मतदाराने सारे पाहिले आहे. पॅनेल कसे बांधले जाते, भावकी कशी मोजली जाते, आदल्या रात्री कोणाच्या मळ्यात पंगत बसते आणि सकाळी त्याच पंगतीतला माणूस कोणत्या चिन्हावर शिक्का मारून येतो, यावर इथल्या पारावर ग्रंथ होईल एवढे ज्ञान आहे. तेव्हा आजच्या विषयातील निवडणुकीचा भाग गावाला परका नाही. परका आहे तो दुसरा भाग. वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी आपला प्रतिनिधी, आपल्या विद्यार्थी संघाचा अध्यक्ष वा सचिव कसा निवडावा, आणि त्याच्याशी उमापूरच्या शेतकऱ्याचा काय संबंध?

संबंध अगदी जवळचा आहे. याच बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला १९७४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आशिया खंडातील ग्रामीण भागातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते आणि त्याला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे. आज गावोगावची मुले 'नीट'ची तयारी करतात. कोणी लातूरला शिकवणीला जाते, कोणी संभाजीनगरला. त्यांतली काही अंबाजोगाईत पोचतात, काही घाटीत. आणि जी पोचत नाहीत त्यांचे आईवडीलही कधी ना कधी तिथे पोचतात, फक्त रुग्ण म्हणून. मध्यरात्री घाटीच्या अपघात विभागात जो पहिला हात रुग्णाच्या नाडीवर पडतो, तो प्राध्यापकांचा नसतो. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या निवासी डॉक्टरचा असतो. तो कसा घडला, कोणाला उत्तरदायी राहायला शिकला, हा प्रश्न म्हणूनच गावाचाही आहे.

आता एक विसंगती पाहा. १९८९ मध्ये घटनेच्या एकसष्टाव्या दुरुस्तीने मतदानाचे वय एकवीसवरून अठरा झाले. अठरा वर्षांच्या तरुणाला देशाचा कारभारी निवडण्याची समज असते, असे राष्ट्राने त्या वर्षी मान्य केले. नेमक्या त्याच वर्षी मुंबईत महाविद्यालयीन राजकारणातील वैरातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याची हत्या झाली. हाणामाऱ्या, पळवापळवी, उमेदवारांना डांबून ठेवणे, बाहेरच्या गुंडांचा शिरकाव हे प्रकार त्याआधीही होत होते. या हत्येने त्यावर कळस चढला. पुढे १९९४ चा महाराष्ट्र विद्यापीठ कायदा आला आणि थेट निवडणुका संपल्या. मागील परीक्षेत वर्गात अव्वल आलेला विद्यार्थी हाच वर्गाचा प्रतिनिधी, असे सूत्र ठरले. म्हणजे तरुण आमदार निवडू शकत होता, खासदार निवडू शकत होता. वसतिगृहातील पाण्याच्या टाकीविषयी प्राचार्यांशी कोणी बोलायचे, हे मात्र त्याला ठरवता येत नव्हते.

त्या निर्णयामागील भीती खोटी नव्हती. तरीही गुणपत्रिकेवरून पुढारी ठरवणे ही चूकच होती, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. शरीररचनाशास्त्रात पहिला येणारा मुलगा हुशार असतो, यात शंका नाही. पण रात्री रॅगिंग होत असलेल्या खोलीचे दार ठोठावण्याचे धैर्य त्याच्यात आहे की नाही, हे कोणत्या प्रश्नपत्रिकेत तपासले जाते? पुष्कळदा असा बिचारा विद्यार्थी प्रतिनिधीपदाला कंटाळलेलाच असे. त्याने ते मागितलेले नव्हते आणि वर्गाने ते त्याला दिलेले नव्हते. जे मागितलेले नाही, त्याचा हिशेब तो कोणाला आणि का देणार?

बावीस वर्षांनी २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने ही चूक कागदावर दुरुस्त केली. त्याच्या ९९ व्या कलमाने महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष व सचिव सर्व विद्यार्थ्यांच्या मताने निवडण्याची तरतूद आणली. विद्यार्थिनींचा आणि मागास प्रवर्गांचा प्रतिनिधी यांनाही जागा दिली. २०१९ मध्ये वेळापत्रकही निघाले. मग विधानसभेची निवडणूक तोंडावर आली म्हणून ते पुढे ढकलण्यात आले आणि पाठोपाठ कोरोना आला. इथे एक गोष्ट अनेक पालकांना ठाऊक नसते. हा कायदा वैद्यकीय विद्यार्थ्यांना लागूच नाही. त्यांचे विद्यापीठ वेगळे, १९९८ मध्ये नाशिकला स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. आणि त्याचा कायदाही वेगळा. ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, परिचर्या हे सारे त्याच्या छत्राखाली येते. प्रत्यक्षात अनेक महाविद्यालयांत विद्यार्थी संघाचे सचिव, सांस्कृतिक प्रमुख, वर्गप्रतिनिधी हे हात वर करून किंवा चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. ती तिथली प्रथा असते; अधिष्ठात्यांच्या मर्जीने चालते आणि त्यांच्या मर्जीने थांबते.

वैद्यक आणि विद्यार्थ्यांची संघटना यांचे नाते महाराष्ट्रात नवे नाही. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे. त्याच्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. गोव्यातील मांजरे गावचा हा मुलगा १८५१ मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडला. पण केवळ रुग्णालयात ते घडले नाहीत. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या प्राध्यापकांनी १८४८ मध्ये 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली होती. तिथे निबंध वाचले जात, त्यांवर वाद होत. त्याच वर्षी तिची मराठी शाखा दादोबा पांडुरंगांच्या अध्यक्षतेखाली उभी राहिली आणि पुढच्या वर्षी या सभासदांनी मुलींच्या शाळा काढल्या. या सोसायटीचे अध्यक्षपद पुढे भाऊ दाजींकडे आले. सभा कशी चालवावी, विरोधी मत कसे ऐकावे, वर्गणीचा हिशेब कसा मांडावा, हे ज्याने तारुण्यात केले, तोच माणूस पुढे गरिबांचा दवाखानाही चालवतो, कुष्ठरोगावर औषधही शोधतो आणि शिलालेखही वाचतो.

हे शिक्षण नाही मिळाले तर काय होते, त्याचे उदाहरण फार लांबचे नाही. भारतात डॉक्टरांच्या धंद्याचे नियमन डॉक्टरांनीच करावे, अशी व्यवस्था अनेक दशके होती. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियावर राज्याराज्यांतील नोंदणीकृत डॉक्टर आपले प्रतिनिधी निवडून पाठवत. किती डॉक्टर त्या मतपत्रिकेकडे गांभीर्याने पाहत? २०१० च्या एप्रिलमध्ये कौन्सिलच्या अध्यक्षांना लाचखोरीच्या आरोपाखाली सीबीआयने अटक केली, पुढच्याच महिन्यात कौन्सिल बरखास्त झाले आणि २५ सप्टेंबर २०२० पासून त्याची जागा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने घेतली. या आयोगावर बहुतेक माणसे नेमलेली असतात. महाराष्ट्रातही २०१६ च्या डिसेंबरात निवडून आलेल्या वैद्यक परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि प्रशासकाचा कारभार आला. विद्यार्थ्यांचे १९९४ मध्ये जे झाले, तेच त्यांच्या गुरुजनांचेही झाले. ज्यांनी मत गंभीरपणे दिले नाही, त्यांच्या हातून मतच गेले.

आणि याची सर्वांत मोठी किंमत याच जिल्ह्याने मोजली आहे. हे बोलताना कोणाचीही मान ताठ राहू शकत नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. ज्या मुली जन्मल्याच नाहीत, त्यांच्यामागे सोनोग्राफीचे यंत्र हाताळणारा कोणी तरी पदवीधर होता. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या भगिनींच्या गर्भाशयांचा प्रश्न देशभर गाजला. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची नोंद झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. साधारण सहा जणींमागे एक. मग खासगी रुग्णालयाला अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची अनुमती आवश्यक करण्यात आली. दसरा झाला की कोयता घेऊन निघणारी ही आपलीच माणसे. त्यांच्या शरीरावर काय चालले आहे, हे जिल्ह्यातील इतर डॉक्टरांना दिसत नव्हते काय? प्रामाणिक डॉक्टर तेव्हाही बहुसंख्य होते. पण आपल्याच व्यवसायबंधूला चारचौघांत 'हे चुकते आहे' असे म्हणण्याची सवय लागते कुठे? ती चाळिसाव्या वर्षी लागत नाही. ती लागायची तर वसतिगृहात, विसाव्या वर्षी.

म्हणून जिथे निवडणूक होते, तिथे ती कशी होते हे महत्त्वाचे आहे. गावातील मुले पहिल्यांदा महाविद्यालयात जातात तेव्हा घरून पेटीत कपड्यांबरोबर आणखी एक वस्तू घेऊन जातात, ती म्हणजे गावातल्या निवडणुकीची रीत. पहिल्याच महिन्यात 'आपल्या जिल्ह्याचा', 'आपल्या जातीचा', 'आपल्या कोट्यातला' अशी मोजणी सुरू होते. वरिष्ठांपैकी कोणी धाब्यावर जेवण देतो, कोणी जुन्या नोट्स देतो आणि मत मागतो. नोट्सच्या बदल्यात मत, हा व्यवहार पाहून हसू येईल. पण औषध कंपनीच्या भेटवस्तूच्या बदल्यात औषध लिहून देणे हा त्याच व्यवहाराचा पुढचा धडा आहे.

माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने २००६ मध्ये विद्यार्थी निवडणुकांविषयी अहवाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच्या अंमलबजावणीचा आदेश दिला. त्यातील अटी साध्या आहेत. एका उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांच्या आत. छापील भित्तिपत्रके नाहीत, हाताने लिहिलेलीच. विषय राहिलेला नसावा, हजेरी पुरेशी असावी. फौजदारी गुन्ह्याची पार्श्वभूमी नसावी. पदाधिकारी म्हणून उभे राहण्याची संधी एकदाच. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सारे दहा दिवसांत. आणि निकालानंतर दोन आठवड्यांत खर्चाचा हिशेब. राजकीय पक्षांपासून अंतर ठेवण्याची अटही आहे. तिच्याविषयी मतभेद होऊ शकतात. याच अंबाजोगाईच्या महाविद्यालयीन दिवसांतून प्रमोद महाजन आणि गोपीनाथ मुंडे पुढे आले, हे इथे कोणाला सांगायला नको. विचार असणे हा दोष नव्हे. दोष आहे तो बाहेरचा पैसा आणि बाहेरची काठी महाविद्यालयात आणण्यात.

नियमांनी गुंड अडतो. पुढारी मात्र मतदारालाच शोधावा लागतो. तो कसा शोधावा? निजामी राजवटीत, १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये, औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांना 'वंदे मातरम्' म्हणण्यास बंदी झाली. त्यांनी ते म्हटले. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना सामावून घेतले. त्या वेळी पुढे कोण उभा राहिला, यासाठी मतपेटी लागली नव्हती; ज्याने स्वतःची पदवी पणाला लावली, त्याच्या मागे इतर गेले. आज कोणाला पदवी पणाला लावायची नाही. पण रॅगिंग करणाऱ्या आपल्याच मित्राविरुद्ध १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यानुसार लेखी तक्रार द्यायची वेळ आली, तर हा उमेदवार सही करील काय, हा प्रश्न प्रत्येक मतदाराने विचारावा. मेसच्या ठेकेदाराकडे तो फुकट जेवतो काय, हेही पाहावे. गतवर्षीच्या स्नेहसंमेलनाच्या वर्गणीचा हिशेब त्याने फळ्यावर लावला होता काय?

आणखी एक कसोटी आहे, ती रुग्णाच्या बाजूची. २०१७ च्या मार्चमध्ये धुळ्यात एका डॉक्टरला अमानुष मारहाण झाली आणि राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. संताप न्याय्य होता. २०१० पासून डॉक्टरांवरील हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद असलेला कायदा राज्यात आहे. तरीही हल्ले थांबलेले नव्हते. पण त्या दिवसांत बाह्यरुग्ण विभागाबाहेर चादर टाकून बसलेली माणसे गावाकडची होती. शेवटी उच्च न्यायालयाला डॉक्टरांना कामावर परतण्यास बजावावे लागले. अशा वेळी संप पुकारणारा पुढारी पुष्कळ मिळतो. अतिदक्षता विभागात कोण थांबणार याची यादी आधी करून मगच संप पुकारणारा, आणि मागणी मान्य होताच घोषणांच्या गर्दीत उभे राहून 'आता कामावर चला' म्हणणारा पुढारी विरळा. त्या दिवशी त्याला शिव्या मिळतात. असा एखादा दिसला तर त्याला निवडून द्यावे. तो कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, हे नंतर विचारले तरी चालेल.

गावाने यात काय करावे? दिवाळीच्या सुट्टीत मुलगा घरी येतो. आई विचारते, जेवण बरे मिळते का. वडील विचारतात, परीक्षा कधी. त्यांनी एवढेच आणखी विचारावे, 'यंदा तुमच्या संघाचा सचिव कोण झाला, आणि तू मत कोणाला व का दिलेस?' पहिल्या वर्षी तो खांदे उडवील. दुसऱ्या वर्षी त्याला उत्तर तयार ठेवावे लागेल. २०१९ मध्ये प्रवेश घेतलेली एमबीबीएसची तुकडी साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची आंतरवासिता संपवून २०२५ मध्ये बाहेर पडली. त्यांतील काही जण आता प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय अधिकारी म्हणून खुर्चीवर बसले असतील, आणि बाहेरच्या बाकड्यावर कारखान्यावरून परतलेली एखादी भगिनी, पोटात दुखते म्हणून, आपला क्रमांक येण्याची वाट पाहत असेल.