भाड्याचा खेळ, विकतचा लॅपटॉप

क्लाउड गेमिंग म्हणजे काय हे पुढच्या रांगेतल्या तरुणांना सांगायला नको. खेळ दूरच्या सर्व्हरवर चालतो, आपल्यापर्यंत पोचतं ते त्याचं चित्र. मला बोलायचं आहे ते 'खास त्यासाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त लॅपटॉपबद्दल. माझं मत आधीच सांगतो. सेवा उद्या बंद पडली तर जे यंत्र हातात उरेल, तेवढ्याचेच पैसे मोजावेत. ऑक्टोबर २०२२मध्ये गूगलने एसर, असूस आणि लेनोवो यांच्याबरोबर अशी तीन क्रोमबुक जाहीर केली. त्याआधी दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा याच गूगलने स्टेडिया ही स्वतःची क्लाउड गेमिंग सेवा बंद करणार असल्याचं सांगितलं होतं! नोव्हेंबर २०१९मध्ये सुरू झालेली स्टेडिया १८ जानेवारी २०२३ला थांबली. गूगलने खेळांचे पैसे परत केले, हे त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवं. पण मला महत्त्वाचा वाटतो तो स्टेडियाचा कंट्रोलर. तो वायफायवरून थेट सर्व्हरशी बोलायचा. आत ब्लूटूथ होतं, पण कुलूपबंद. सेवा थांबताना गूगलने ते कुलूप काढलं आणि तोच कंट्रोलर साध्या कॉम्प्युटरला जोडता येऊ लागला. सेवेविना चालू शकला, म्हणूनच तो टिकला.

ऑनलाइव्ह या क्लाउड गेमिंग सेवेचीही अशीच कथा. २०१०मध्ये सुरू झालेली ती सेवा २०१५मध्ये संपली, एवढंच सांगून मुख्य आक्षेपाकडे वळतो. 'ग्राफिक्स कार्डाचा लॅपटॉप परवडत नाही, मग आम्ही खेळायचंच नाही का?' जरूर खेळा. पण सगळी मेहनत सर्व्हर करणार असेल, तर घरातला साधा, व्हिडिओ नीट चालवणारा लॅपटॉपही पुरतो. नवा घ्यायचं कारण विक्रेत्याच्याच युक्तिवादाने निकालात निघतं. अडचण येते ती इंटरनेटची. एनव्हिडियाची जीफोर्स नाऊ ही क्लाउड गेमिंग सेवा १०८०पी चित्रासाठी सेकंदाला २५ मेगाबिटचा वेग मागते. तो वेग पूर्ण वापरला गेला तर तासाला सव्वाअकरा जीबी लागतात आणि रोजच्या २ जीबीचा मोबाइल प्लॅन अकरा मिनिटांच्या आत संपतो. अशा लॅपटॉपच्या कीबोर्डखालचे रंगीत दिवे त्यावर काही करू शकत नाहीत. 'म्हणजे ही यंत्रं टाकाऊच?' मुळीच नाही. त्या तीन क्रोमबुकपैकी एसरच्या ५१६ जीईची किंमत साडेसहाशे डॉलर होती. त्यात १६ इंची, सेकंदाला १२० वेळा ताजा होणारा पडदा होता आणि हल्ली दुर्मीळ झालेलं लॅन केबलचं पोर्टही. अभ्यासाला, लिखाणाला, सिनेमाला असा पडदा हवा असेल तर खुशाल घ्या. तो पुढेही तुमचाच राहील. मात्र झाकणावरच्या 'क्लाउड गेमिंग' या दोन शब्दांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. ते शब्द ज्या सेवेच्या भरवशावर छापले आहेत, ती आपण भाड्याने घेतो, आणि भाड्याची जागा कधी रिकामी करायची हे मालक ठरवतो.