फिरस्त्यांच्या मुलांस शाळेचें दार

(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



गांवांत ख्रिस्तमंदिर उभें राहिलें कीं त्याच्या सावलींत शाळाहि उभी राहते, हा आपल्याकडील नित्याचा अनुभव आहे. म्हणून महोत्सवाच्या या सभेंत शाळेविषयीं चार शब्द बोलणें अप्रस्तुत ठरूं नये. आपल्या शाळांची थोरवी आपण जाणतांच. जीं मुलें शाळेच्या दाराशीं येऊनहि आंत टिकत नाहींत, त्यांच्याविषयीं मी आज बोलणार आहें. त्यासाठीं आपणांस थोडें दूर, आयर्लंडांत, यावें लागेल. कारण तेथें हा प्रश्न आपल्याच धर्मबंधूंच्या घरचा आहे.

आयर्लंडांत ‘ट्रॅव्हलर’, म्हणजे फिरस्ते, या नांवाचा एक जुना समाज आहे. गाड्यांतून गांवोगांव हिंडावें, पत्र्याचीं भांडीं घडवावीं व डागावीं, घोड्यांचा व्यापार करावा, हंगामांत शेतावर राबावें, अशी त्यांची पूर्वापार वहिवाट. त्यांची स्वतःची बोली आहे. धर्मानें ते बहुतेक कॅथॉलिक आहेत. २०२२ च्या शिरगणतींत त्यांची संख्या ३२,९४९ भरली. पुष्कळ कुटुंबें आतां घरांत राहूं लागलीं आहेत, तरी विद्येच्या बाबतींतलें अंतर मिटलेलें नाहीं. २०१६ च्या शिरगणतींत असें दिसून आलें कीं, शिक्षण संपलेल्या फिरस्ते पुरुषांपैकीं शेंकडा ५७ जणांची मजल फार तर प्राथमिक शाळेपर्यंत गेली होती. एकंदर लोकसंख्येंत हें प्रमाण शेंकडा १४ हून कमी होतें. उच्च शिक्षण पुरें केलेले फिरस्ते साऱ्या देशांत अवघे १६७ निघाले.

हे आंकडे ऐकून कोणी म्हणेल, या लोकांना विद्येची गोडीच नाहीं. इतिहास निराळी साक्ष देतो. १९६३ सालीं एका सरकारी आयोगानें अहवाल दिला. त्यांत फिरतें जीवन हीच अडचण मानून, या लोकांना स्थायिक समाजांत मिसळून टाकावें, असें धोरण सुचविलें. पुढें अनेक शाळांनीं त्यांच्या मुलांसाठीं निराळे वर्ग काढले. निराळ्या वर्गांत बसलेलें मूल पहिला धडा हाच शिकतें कीं, आपण इतरांपैकीं नव्हे. जो बाप हा धडा शिकून बाहेर पडला, त्यानें आपल्या मुलाला त्याच दारीं उत्साहानें धाडावें, ही अपेक्षा फार मोठी आहे. या समाजाला स्वतंत्र वांशिक समाज म्हणून सरकारनें मान्यता दिली, ती थेट १ मार्च २०१७ रोजीं.

कधीं कधीं नियम सर्वांना सारखा असतो, आणि तरीहि दार एकालाच बंद होतें. तेथील एका माध्यमिक शाळेंत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांस प्रवेशांत अग्रहक्क देण्याचा नियम होता. वरवर पाहतां त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु ज्या समाजांत बापाच्या पिढीनें माध्यमिक शाळेचें तोंड क्वचितच पाहिलें, त्यांतील मुलानें हा अग्रहक्क आणावा कोठून? एका फिरस्ते आईनें याविरुद्ध दाद मागितली. २०१० सालीं समता न्यायाधिकरणानें तिच्या बाजूनें कौल दिला. वरच्या न्यायालयांत तो टिकला नाहीं, आणि २०१५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तिचें अपील फेटाळलें. निकाल कांहींहि लागो. त्या आईचा प्रश्न प्रत्येक शाळाचालकानें स्वतःस विचारावा असा आहे.

शेजारच्या इंग्लंडांत कायद्यानें थोडी वाट करून दिली. १९९६ च्या शिक्षणकायद्यांत अशी तजवीज झाली कीं, धंद्यापायीं फिरणाऱ्या आईबापांचें सहा वर्षांवरील मूल वर्षांत निदान २०० अर्धदिवस शाळेंत हजर असेल, आणि धंद्याला जमेल तितकें नियमितपणें येत असेल, तर गैरहजेरीबद्दल पालकांस दोषी धरूं नये. मुलाचें नांव मूळ शाळेच्या पटावर ठेवून दुसऱ्या गांवच्या शाळेंतहि घालण्याची सोय झाली. परत येणाऱ्या मुलाची जागा राखलेली असते, ही लहान गोष्ट नव्हे.

पण खरा पूल माणसांचाच असतो. आयर्लंडांत सरकारनें या समाजासाठीं फिरते शिक्षक नेमले होते. ते कुटुंबांच्या तळावर जात, आईबापांशीं बोलत, प्रवेश करवून देत, आणि प्राथमिक शाळेंतून माध्यमिक शाळेंत जातांना, जेथें पुष्कळ मुलें गळतात, तेथें पाठीशीं उभे राहत. काटकसरीपायीं २०११ सालीं ही योजना बंद झाली. २०१९ सालीं निवडक ठिकाणीं नवी प्रायोगिक योजना निघाली, तेव्हां घर आणि शाळा यांमधील दुवा म्हणून माणसें पुन्हां नेमावीं लागलीं. मध्यें आठ वर्षें गेलीं. तेथील प्राथमिक शिक्षणहि आठ वर्षांचेंच असतें. म्हणजे कित्येक मुलांची सारी प्राथमिक शाळा त्यांत संपली.

हें सर्व येथें सांगण्याचें कारण उघड आहे. दिवाळी झाली कीं जव्हार-मोखाड्याकडील आदिवासी कुटुंबें वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर येतात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. तीं जन्माचीं फिरस्तीं नव्हेत, पोटासाठीं घर सोडणारीं आहेत. पण पटावरचें नांव सुटलें कीं मुलाचें नुकसान सारखेंच. भट्ट्यांवर चाललेल्या भोंगाशाळांनीं आपल्याकडे पूर्वींच वाट दाखविली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें, दाखला नाहीं म्हणून प्रवेश अडवितां येत नाहीं. उणीव आहे ती दुवा होणाऱ्या माणसांची.

म्हणून माझी सूचना साधी आहे. भट्ट्या सुरू झाल्या कीं आपल्यापैकीं दोघांतिघांनीं तेथें जावें. मुलांचीं नांवें आणि त्यांच्या गांवच्या शाळा लिहून घ्याव्या. जवळच्या शाळेंत त्यांस इतर मुलांच्याच बाकावर बसवावें. त्यांच्या बोलीला कोणास हसूं देऊं नये. आणि परततांना हजेरीचा कागद त्यांच्या हातीं द्यावा, म्हणजे गांवच्या गुरुजींना पुढचा धडा घेतां येईल. याला मोठा निधि लागत नाहीं. दर आठवड्याला न चुकतां जाणारीं माणसें लागतात. येत्या दिवाळीनंतर हें काम सुरू व्हावें, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.