पीस, पर आणि पत्र
(डोळखांब येथील शिक्षण परिषदेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



डोळखांबच्या आसमंतातील एका पाड्यावरच्या शाळेत चौथीच्या वर्गात वाक्प्रचारांचा पाठ चालला होता. 'पराचा कावळा करणे' असे फळ्यावर लिहून गुरुजींनी त्यापुढे 'क्षुल्लक गोष्टीस भलतेच मोठे रूप देणे' हा अर्थ लिहिला, आणि मुलांनी तो मुकाट्याने वहीत उतरवून घेतला. तेवढ्यात एका ठाकर मुलीने विचारले, "गुरुजी, कावळा कोणाचा?" वर्ग हसला. गुरुजीही हसले आणि पुढील वाक्प्रचाराकडे वळले. त्या दिवशी त्या मुलीने पुन्हा काही विचारले नाही.

तिचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. परगाव, परदेश, परका हे शब्द तिला ठाऊक होते. 'पर' म्हणजे दुसरा, तेव्हा पराचा कावळा म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी कावळा, असा तिने सरळ तर्क केला. त्या वर्गात शब्दाकडे पाहणारी ती एकटीच होती. इतरांनी केवळ अक्षरे उतरवली होती. येथील 'पर' हा संस्कृतातील 'दुसरा' नव्हे. तो फारशीतून आलेला शब्द असून त्याचा अर्थ पीस असा आहे. अंगणात एक पीस दिसावे आणि पाहणाऱ्याने आख्खा कावळाच पाहिल्याचे सांगत सुटावे, तसे हे वर्तन. दोन वाक्यांत हे सांगून झाले असते, आणि दाखविण्यासाठी पीसही शाळेच्या व्हरांड्यासमोरच मिळाले असते.

पाड्यावरील मुलाला पीस नवे नाही. कोंबडी त्याच्या दारात असते, बगळा त्याच्या भातखाचरात असतो. नवा असतो तो पुस्तकातील शब्द. म्हणून पाठाचा आरंभ शब्दकोशापासून न करता हातातील वस्तूपासून करावा. पिसाच्या मधल्या दांडीच्या दोन्ही अंगांस असलेली पाती बोटाने विस्कटावी आणि मग मुळाकडून टोकाकडे हलकेच बोट फिरवावे. विस्कटलेले पाते पुन्हा सांधले जाते. त्यातील बारीक तंतूंना आकड्या असतात व त्या एकमेकींत अडकतात, म्हणून असे घडते. पक्षी चोचीने पिसे साफ करीत बसलेला दिसतो, तेव्हा तो हेही काम करीत असतो. आपली नखे व केस ज्या जातीच्या द्रव्याचे बनले आहेत, त्याच जातीच्या द्रव्याचे पीसही बनलेले असते, हे सांगितल्यावर मुले आपल्या नखांकडे पाहू लागतात.

मोरपीस वहीत ठेवले की त्याला पिल्लू होते, ही समजूत मुलांत फार जुनी आहे. तिची थट्टा करू नये. तारीख घालून पीस ठेवू द्यावे आणि महिन्याने वही उघडावी. मोराचा पिसारा ही त्याची खरी शेपटी नव्हे. शेपटीच्या मुळाशी असलेली लांब पिसे म्हणजे पिसारा. ती दरवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस गळतात. त्यांचा निळा-हिरवा रंग हा निळ्या-हिरव्या रंगद्रव्याचा नाही. तंतूंच्या सूक्ष्म रचनेवर पडलेल्या प्रकाशामुळे तो दिसतो. वासुदेवाच्या टोपीवरचे तेज येथूनच आले.

आता शब्दांचे गोत्र. 'पीस' हा संस्कृत 'पिच्छ' शब्दापासून आला. त्याचे अनेकवचन 'पिसे'. परंतु 'पिसे लागणे' यातील पिसे म्हणजे वेड. त्याचे नाते 'पिशाच' या शब्दाशी सांगतात, पक्ष्याशी नाही. एखाद्याची 'पिसे काढणे' म्हणजे त्याच्यावर कठोर टीका करणे. तेथे मात्र सोललेली कोंबडीच डोळ्यांपुढे असते. भातसा नदीवर पिसे नावाचे गाव आहे आणि तेथून मुंबईस पाणी जाते. मुले त्या नावाविषयी विचारतीलच. ग्रामनामाचा अर्थ केवळ उच्चारावरून ठरवू नये, हेही त्यानिमित्ताने सांगता येते.

'पंख' आला 'पक्ष' या शब्दापासून. त्याच 'पक्षा'चे महिन्याचे दोन पंधरवडे झाले, निवडणुकीतले पक्ष झाले, आणि घराच्या छपराच्या दोन उतरत्या बाजूंना 'पाखे' म्हणतात तेही त्याचेच. कौलारू घर पंख पसरून बसले आहे, हे मुलांना दाखवून द्यावे लागत नाही. एकदा शब्द कळला की ती आपणच सांगतात. तुरा आणि कलगी हे पगडीवर खोवायचे अलंकार. त्यांवरून शाहिरांचे दोन पंथ पडले व त्यांचे सवाल-जबाब कलगीतुरा म्हणून रंगू लागले. शिरपेचातला मानाचा तुरा वर्तमानपत्रांनी इतका झिजवला आहे की निबंधात तो न आला तर बरे.

सर्वांत नवल 'पेन' या शब्दाचे आहे. तो लॅटिनमधील पीस या अर्थाच्या शब्दापासून निघाला, कारण युरोपात पिसाचे टोक तासून लिहीत. आपल्याकडे बोरू होता. संस्कृतात 'पत्र' म्हणजेही पंख, पीस, पान, आणि पुढे चिठ्ठी. दोन्ही शब्दांचे मूळ उडण्याचा अर्थ असलेल्या एकाच प्राचीन धातूत आहे. मूल पेनाने पत्र लिहिते तेव्हा त्याच्या हातात पीस असते व समोरही पीसच असते. पेन्सिल मात्र या घराण्यातली नव्हे. तिचे मूळ 'लहान शेपूट' या अर्थाच्या शब्दात आहे.

एक गोष्ट नेहमी राहून जाते. ठाकर, कातकरी, कुणबी घरांतून पिसाला, पंखाला, पिलाच्या लवेला जे शब्द वापरतात, ते मुलांच्याच तोंडून ऐकावेत व फळ्यावर पुस्तकी शब्दाच्या शेजारी लिहावेत. घरचा शब्द लिहिला म्हणून त्याखाली तांबडी रेघ मारू नये. त्या रेघेने शब्द सुधारत नाही, मूल गप्प बसते. आणि एकदा गप्प बसलेले मूल कावळा कोणाचा हे विचारीत नाही. शिक्षकास स्वतःस शंका आल्यास मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आता भ्रमणध्वनीवरही पाहता येतो. वर्गासमोर तो उघडून पाहण्यात कमीपणा नाही.

पिसे गोळा करताना घ्यावयाची काळजी : फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच शहापूर तालुक्यात वेहळोली येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला होता. मेलेल्या वा आजारी पक्ष्याची पिसे मुलांना उचलू देऊ नयेत, आणि पाठ संपताच सर्वांचे हात साबणाने धुऊन घ्यावेत. मोर हा १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी असून १९७२ च्या कायद्याने त्यास संरक्षण आहे. आपोआप गळून पडलेले पीसच वर्गात यावे. ते न मिळाल्यास कोंबडीचे पुरे. 'पराचा कावळा' शिकविण्यास मात्र काळे पीस शोधावे.